बेचाळीस लाखांचं औषध

कंपन्यांच्या गोष्टींमध्ये आज जरा वेगळी कंपनी घेऊ या. इम्युनोॲक्ट. दुकानात हिचं काही मिळत नाही. पण पेशंटची फाईल मांडीवर घेऊन नाशिकरोडहून पंचवटीने ‘टाटा’ला जाणाऱ्यांपैकी काहींच्या कानावर हे नाव आता पडायला लागलंय.

ही कंपनी जे बनवते त्याला म्हणतात कार-टी. ही गोळी नाही. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, त्यांच्यात एका निकामी केलेल्या विषाणूमार्फत नवं जनुक घालायचं, आणि त्या पुन्हा शिरेतून सोडायच्या. मग त्या पेशी रक्ताच्या कॅन्सरच्या काही प्रकारांतल्या बाधित पेशी ओळखून मारतात. म्हणजे प्रत्येक पेशंटचं औषध वेगळं! शंभर जणांसाठी एकदम बनवून ठेवता येत नाही, खर्चाचं मूळ इथेच आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्या कार-टीला मंजुरी मिळाली तेव्हा किंमत होती ४,७५,००० डॉलर. तेव्हाच्या दराने तीन कोटी.

आपल्याकडे राहुल पुरवार हार्वर्डमधलं काम संपवून २०१३ मध्ये आयआयटी मुंबईत आले. त्यांनी ते जनुक आणि तो विषाणू बाहेरून न आणता पवईतच बनवायला घेतला. स्वस्ताईचं मोठं कारण हेच. कंपनी २०१८ ची. माणसांवरच्या चाचणीसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून १९ कोटींच्या वर निधी आला. टाटाचे डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन सोबत होते. ४ जून २०२१ ला खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या पेशंटला या पेशी दिल्या. त्याच वर्षी हैदराबादच्या लॉरस लॅब्जने ४६ कोटी देऊन २६ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा घेतला.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी सरकारी संस्था, सरकारी पैसा, सरकारी दवाखाना. भांडवलवाले नंतर.

ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी नेक्सकार१९ या नावाने मंजुरी दिली. चाचणीत ६४ पेशंट होते, ज्यांचं मोजमाप करता आलं त्यांपैकी ७३ टक्क्यांना गुण आला. उपचारामुळे दोघे दगावलेही, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि गुण आला म्हणजे आजार कायमचा गेला, असंही नाही.

आता किंमत. मंजुरीनंतरच्या सुरुवातीच्या एका पेशंटने ४२ लाख मोजल्याचं पेपरात आलं. ‘अमेरिकेच्या एक दशांश’ अशी वाहवा झाली, आणि ती रास्तच आहे. पण निफाडच्या द्राक्षवाल्याला डॉलरशी काय करायचंय? तो एकरांत हिशोब करणार. महात्मा फुले योजनेचं कवच वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं. मधले सदतीस कुठून आणायचे?

माझं मत विचाराल तर कंपनीला दोष देण्यात हशील नाही, तिने दहातले नऊ हिस्से कमी करून दाखवले. पण पहिले १९ कोटी ज्या तिजोरीतून गेले, त्या तिजोरीने उपचाराच्या वेळीही पुढे यावं, ही मागणी आपण करू शकतो. तुमच्या घरात कुणाला हा उपचार सुचवला असेल, तर मंजुरी नेमक्या कोणत्या आजारांना आहे आणि आधी कोणते उपचार होऊन गेलेले लागतात, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. जमीन विकायची बोलणी त्यानंतर.