एका शालेय वर्षाचा हिशेब



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. त्या वर्षी आम्ही जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी पारावर, ओसरीवर मुले बसविली, स्वाध्याय घरोघरी पोचविले; ही जमेची बाजू. परंतु ज्या घरी मोबाइल नव्हता, तेथील कित्येक मुले आलेले वाचनही विसरली. निकालपत्रकात मात्र सर्वांपुढे एकच शेरा पडला, आणि तो आम्हीच आमच्या हाताने लिहिला. वर्ग चढला म्हणजे विद्या चढली, असे नव्हे. मुलाची इयत्ता विचारण्याआधी त्याच्या हाती पुस्तक देऊन पाहावे. तेथे जी बाकी निघेल, ती मुलाच्या नव्हे, आपल्या नावावर मांडावी.