अशिलाची कैफियत



ज्या गोदातीरी शुक्राचार्यांचे पुरातन मंदिर उभे आहे आणि ज्या काळ्या मातीत कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे पिकले, त्या कोपरगावात स्वागत समितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

वकिलांच्या मेळाव्यात या गावाने कोणाचे स्मरण करावे, असा विचार करू लागलो की माझ्यासमोर बापू चंद्रसेन, म्हणजेच बी. सी. कांबळे यांची मूर्ती उभी राहते. पलूस येथे १९१९ साली जन्मलेले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत घडलेले हे कायदेपंडित १९५२ साली मुंबई विधानसभेत गेले, तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे ते तेथील एकमेव सभासद होते. पाठीशी संख्या नसली म्हणजे मुद्द्यालाच उभे राहावे लागते, ही इजलासातली शिस्त त्यांनी सभागृहात नेली. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने सारा मुलूख ढवळून निघाला असता, कृष्णाकाठच्या मुलखातल्या या माणसाला आमच्या गोदाकाठच्या मतदारसंघाने लोकसभेत पाठविले. पुढे रिपब्लिकन पक्षात फूट पडल्यावर त्यांचा गट ‘दुरुस्त’ म्हणून ओळखला गेला, १९७७ साली मुंबईकरांनी त्यांना पुन्हा लोकसभेत धाडले आणि बाबासाहेबांचे विस्तृत चरित्र त्यांनी खंडामागून खंड लिहून सिद्ध केले.

आमच्या न्यायालयाच्या आवारात एखादी म्हातारी मेणकापडात गुंडाळलेला सातबारा छातीशी धरून सकाळपासून बसलेली असते. शिपायाचा पुकारा झाला की ती आधी न्यायासनाकडे पाहत नाही, वकिलाच्या तोंडाकडे पाहते. कलमे तिला ठाऊक नसतात. आपली कैफियत हा माणूस जशीच्या तशी मांडील ना, एवढेच ती नजर विचारते. मतदार मत देतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत हाच प्रश्न असतो, आणि परमुलखातल्या वकिलावर भरवसा टाकून कोपरगावाने तोच प्रश्न १९५७ साली विचारला होता.

मतदारसंघांच्या फेररचनेनंतर कोपरगाव हे नाव लोकसभेच्या दप्तरातून गेले आणि २००९ पासून तेथे शिर्डी आले. परंतु त्या म्हातारीची नजर उद्याही आवारात असेल. या दोन दिवसांतील चर्चा त्या नजरेला उत्तर देणारी व्हावी, एवढीच प्रार्थना करतो.