कातड्याचे केस आणि कामगाराचा प्राण

(चर्मकामगारांच्या सभेत केलेले भाषण)



कातडे कमावण्याच्या धंद्याविषयी या देशात शतकानुशतके एकच गोष्ट सांगितली गेली, ती म्हणजे विटाळ. ज्या चुन्याच्या हौदांत ढोर समाजातील बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले हात भाजून घेतले, त्या हौदांत काय घडते हे जाणण्याची इच्छा मात्र विटाळ मानणाऱ्यांना कधी झाली नाही. आज मी तेच सांगणार आहे. धोका कशात आहे हे ज्याला कळते, त्यालाच आपला हक्क नेमक्या शब्दांत मागता येतो.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या दोन-दोन अणूंच्या दुव्यांनी एकमेकींस जखडलेल्या असतात. म्हणूनच केस इतका चिवट. कातडे ज्या कोलॅजेनचे बनते, त्यात हे दुवे जवळजवळ नसतातच. केस काढण्याची सारी विद्या या एका भेदावर उभी आहे. नुसत्या चुन्यात कातडे फुगते, केसांची मुळे सैल होतात आणि बोथट सुरीने केस खरवडता येतात. पण त्यास कित्येक दिवस लागतात. चुन्यात सोडियम सल्फाइड मिसळले की गंधकाचे दुवे तुटतात, काही तासांत केसांचा लगदा होतो आणि कातडे शाबूत राहते.

मालकाचे दिवस वाचले, हे खरे. परंतु त्या वाचलेल्या दिवसांची किंमत कोण देतो?

चुन्याच्या पाण्याचा पीएच सुमारे १२ असतो, आणि तो तसा असेपर्यंत सल्फाइड पाण्यातच राहते. पुढे चुना काढण्यासाठी अमोनियमचे क्षार आणि त्यानंतर आम्ल वापरतात. चुन्याचे सांडपाणी आणि आम्लाचे सांडपाणी एका गटारात मिळाले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने हौदाच्या व गटाराच्या तळाशी साचतो. प्रारंभी त्यास कुजक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजून आत उतरणारा माणूस परत येत नाही.

हे कायद्यास ठाऊक नव्हते काय? होते. अशा टाकीत वा खड्ड्यात उतरण्यापूर्वी जाणकाराने चाचणी करून लेखी दाखला द्यावा, अन्यथा उतरणाऱ्यास श्वसनाचे साधन व कमरेस दोर द्यावा आणि दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, असा दंडक १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तरीही कामाची जागा निर्धोक ठेवण्याचे कर्तव्य मालकाचेच आहे. गटारसफाईत मृत्यू झाल्यास वारसांस ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. एवढे असूनही २ फेब्रुवारी २०२५ रोजी कोलकात्याजवळ बानतला येथील चर्मसंकुलात मॅनहोलमध्ये ३ कामगार प्राणास मुकले.

बंधूंनो, भरपाई मृत्यूनंतर मिळते. हक्क जिवंतपणी मागावयाचा असतो. म्हणून तीन मागण्या लिहून घ्या. सल्फाइडचे पाणी आम्लाच्या पाण्यापासून वेगळे वाहिले पाहिजे आणि हवा व मँगनीजच्या क्षाराच्या योगे त्यातील सल्फाइड नष्ट केले पाहिजे. चाचणीचा कागद पाहिल्यावाचून कोणीही आत उतरणार नाही. आणि कोणते द्रव्य कशात मिसळले आहे, हे कामगारास त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट भिक्षा नव्हे.

ज्या हातांनी ही विद्या राबविली, त्या हातांच्या धन्यास तिचे शास्त्रही कळले पाहिजे. शिका, म्हणजे कोणी तुम्हांस आंधळेपणाने खड्ड्यात उतरवू शकणार नाही.

जय भीम!