कानाची रचना व कार्य
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय शाळेच्या पुस्तकातला वाटेल. पण आम्ही तो घरातल्या अनुभवामुळे निवडला आहे. भगवान बुद्धांनी सांगितलेल्या सहा आयतनांत डोळ्यानंतर लगेच 'सोत' म्हणजे कान येतो. कान आणि ध्वनी यांच्या योगाने ऐकण्याची जाणीव उत्पन्न होते, असे धम्म सांगतो. ती कोणत्या वाटेने होते, हे शरीरशास्त्र दाखविते.

बाहेरचा कान ध्वनी गोळा करतो. सुमारे अडीच सेंटिमीटरच्या नळीतून तो पडद्यावर आदळतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे आहेत. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचे! ही हाडे कशासाठी? अंतःकर्णात द्रव आहे, आणि हवेतील लहर द्रवावर पडली की बहुतेक परत फिरते. म्हणून मोठ्या पडद्यावरचा दाब ही हाडे लहानशा खिडकीवर एकवटतात. तो सुमारे २० पट होतो.

पुढे शंखासारखी, अडीच वेढ्यांची नलिका आहे. तिच्यात सुमारे १५,००० केसपेशी असतात. बारीक स्वर शंखाच्या तोंडाशी, जाड स्वर टोकाशी उमटतात. या संशोधनाबद्दल बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका तोल सांभाळतात.

या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पडदा फाटला तर बहुधा भरून येतो, केसपेशी नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. आपल्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर बापाच्या खांद्यावर बसलेले मूल किती वेळ असते? प्रश्न कटू आहे, काहींना रुचणार नाही. पण गेल्या जयंतीनंतर आमच्या पुतण्याच्या कानात तीन दिवस शिट्टी वाजत होती. वडीलधाऱ्यांनी कोमट तेल घातले. त्याचा उपयोग होणार नव्हताच, कारण दुखापत पडद्याच्या पलीकडे होती.

यंदा लेझीम पुढे, स्पीकर कमी आणि मुलांची रांग त्यांच्यापासून दूर, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीस लेखी दिली आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर तिच्यावर चर्चा आहे, विद्यार्थ्यांनीही यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!