भेट कपाटात राहू नये म्हणून
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी आपल्या तुकडीनं शाळेला इनलाइन स्केट्सचे वीस जोड भेट दिले. फोटो झाले, टाळ्या झाल्या, पेढे वाटून झाले. त्यानंतर संयोजकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दिले तर खरे, पण आता या चाकाच्या बुटांचं करायचं काय, हे कोणाला ठाव हाय? तू पुण्यात पोरीच्या स्केटिंगमागं बारा वर्षं फिरली, तूच बोल बाप्पा." म्हणून उभी आहे. मी प्रशिक्षक नाही. शनिवारी रात्री जमिनीवर जुना पेपर अंथरून चाकं खोलणारी, पुसणारी आणि पुन्हा बसवणारी आई, एवढीच माझी पात्रता.

शाळांमधलं क्रीडासाहित्याचं कपाट आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हवा गेलेला व्हॉलीबॉल, तारा तुटलेली रॅकेट, एकच हातमोजा. यातली प्रत्येक वस्तू कधी तरी टाळ्यांच्या गजरातच शाळेत आली होती. कोणी ती मुद्दाम खराब केली नाही, फक्त तिची काळजी हे कोणाचंच ठरलेलं काम नव्हतं. स्केट्सच्या बाबतीत हे फार लवकर होतं, कारण हा नुसता बूट नाही, यंत्र आहे. एका बुटाला चार चाकं, प्रत्येक चाकात दोन बेरिंग. म्हणजे एका जोडीत आठ चाकं आणि सोळा बेरिंग. वीस जोडांचा हिशेब केला तर १६० चाकं आणि ३२० बेरिंग आज आपण शाळेच्या ताब्यात दिली आहेत. एवढं यंत्र देऊन वंगणाची गोष्ट न सांगता निघून जाणं बरं नाही.

आधी थोडी ओळख. चाकाच्या बुटांची कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाच्या कारागिरानं चाकाचे बूट करून दाखवले होते. दोन पुढे, दोन मागे अशा चार चाकांचा, वळता येणारा बूट अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन यानं १८६३ मध्ये केला. आज आपण दिले ते एका रांगेत चाकं असलेले. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्सन भावांनी ते नव्यानं घडवले. बर्फावर हॉकी खेळणारी ही पोरं. उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव कसा करायचा, या अडचणीतून त्यांचा रस्ता निघाला.

"आपल्याकडं याचं काय भविष्य?" असं सकाळी एकानं विचारलं. त्याला एवढंच सांगते. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २ ऑक्टोबर २०२३ रोजी ३००० मीटर रिलेत आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी, कांस्यपदक मिळवलं. मुलांच्या संघात महाराष्ट्राचे विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. त्याच शर्यतीत दक्षिण कोरियाच्या खेळाडूनं जिंकल्याच्या आनंदात आधीच हात वर केले, आणि तैवानच्या खेळाडूनं शेवटच्या क्षणी पाय पुढे टाकून ०.०१ सेकंदानं सुवर्ण नेलं. पुढे २०२५ मध्ये चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार १००० मीटरमध्ये जगज्जेता झाला. विदर्भातलंच नाव हवं असेल, तर उमरेडच्या सृष्टी शर्मानं लिंबो स्केटिंगमध्ये, म्हणजे आडव्या दांडीखालून जमिनीला भिडून जाण्यात, गिनीज बुकात नोंद केली आहे. तेव्हा हा खेळ फक्त मोठ्या शहराचा आहे, हे मनातून काढा.

आता कामाचं.

नवा जोडा चावतो, हे आपल्याला सांगायला नको. नव्या वाहणांना तेल लावून, घरातल्या घरात घालून आपण त्या रुळवत होतो. नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी भरल्या बंडीला कोणी जुंपत नाही. आधी जू खांद्यावर ठेवून नुसता चालवतात, मग रिकामी बंडी, मग ओझं. स्केटचंही तसंच आहे. पहिला आठवडा रोज वीस मिनिटं पुरेत. तीही सतरंजीवर किंवा गवतावर, जिथं चाक पळत नाही. उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, जागच्या जागी पाय उचलायचे. आतला मऊ भाग पायाच्या आकाराप्रमाणे हळूहळू दबतो. दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास सिमेंटवर. महिना झाल्यावर तासभर. पहिल्याच दिवशी दोन तास पळवलेलं मूल दुसऱ्या दिवशी पायाला फोड घेऊन घरी बसतं, आणि बहुतेक वेळा परत येत नाही.

माप घेताना एक चूक सगळे पालक करतात: "वाढतं अंग आहे, एक नंबर मोठा घ्या." शाळेच्या गणवेशाला हे चालतं, स्केटला नाही. सैल बुटात घोटा डुलतो आणि मुरगळतो. मूल सरळ उभं असताना बोटांची टोकं समोर जेमतेम टेकावीत, आणि गुडघा वाकवला की किंचित मागे सरकावीत, हे खरं माप. आपण दिलेले जोड कमी-जास्त करता येणारे आहेत, म्हणून माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. मोजे पातळ आणि प्रत्येकाचे स्वतःचे.

घालायची पद्धतही ठरलेली आहे. आधी टाच मागे ठोकून बसवायची, मग लेस बोटांपासून वर घट्ट करत आणायची, मग टाचेवरचा पट्टा आणि शेवटी घोट्यावरचं बकल. उलट क्रमानं केलं तर टाच वर उचलली जाते आणि घासून फोड येतो. पायाभर थोडं आवळल्यासारखं वाटणं आणि ते रोज कमी होत जाणं, हे रुळण्याचं लक्षण. पण एकाच जागी दुखत असेल आणि ते वाढत असेल, किंवा बोटं सुन्न होत असतील, तर सहन करायला लावू नका. लेस सैल करा किंवा माप बदला. "सवय होईल" हे इथं लागू नाही.

यातून शाळेसाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. रोज वेगळ्या पायात गेलेला बूट कोणाच्याच पायाला रुळत नाही. म्हणून प्रत्येक जोडीवर नंबर टाका आणि एक जोड सारख्या मापाच्या तीनच मुलांना वर्षभर द्या. वीस जोडांवर साठ मुलं शिकतील आणि "ही माझी सात नंबरची जोडी" म्हणून ती सांभाळतीलही. त्या साठांत मुली निम्म्या असाव्यात, ही माझी विनंती.

आता चाकं. नवं चाक हातानं फिरवलं तर ते फार फिरत नाही, आणि मुलांना वाटतं माल खराब आहे. तसं नाही. नव्या बेरिंगमध्ये घट्ट ग्रीस असतं, ते काही तास चालल्यावर मोकळं होतं. पहिल्या महिन्यात बेरिंगला हात लावू नका. हात लावायचा तो बोल्टांना. नव्या स्केटचे बोल्ट सुरुवातीच्या सरावात ढिले होतात. रोज सरावाआधी प्रत्येक चाक हलवून पाहा. ते डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर एलन-कीनं आवळा. पण इतकंही नको की बोटानं फिरवल्यावर ते अडखळेल.

बेरिंगचे दोन शत्रू आहेत, धूळ आणि पाणी. आपल्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी असते, ती कुठंही शिरते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर दहा मिनिटं चालवलेलं स्केट तसंच ठेवलं तर बेरिंग गंजून करकरायला लागतं. म्हणून सराव झाला की कोरड्या फडक्यानं पुसायचं, आणि भिजलंच तर त्याच दिवशी चाकं काढून वाळवायची. चाक करकरलं की बेरिंग काढायचं, झाकण निघत असेल तर काढायचं, रॉकेलमध्ये किंवा स्पिरिटमध्ये हलवून धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन. हे काम मोठ्या माणसानं करायचं, मोकळ्या हवेत आणि चुलीपासून लांब. खोबरेल किंवा गोडं तेल चुकूनही नको. ते चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. जास्त तेलाचंही तसंच. आपल्या गावात जिनिंगमध्ये आणि मोटार दुरुस्तीत काम करणारे कितीतरी हात आहेत, त्यांना बेरिंग काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

चाकं आतल्या कडेनं आधी झिजतात, कारण पाय बाहेर ढकलताना जोर तिथं पडतो. महिन्यातून एकदा त्यांची अदलाबदल करा. उजव्या बुटाचं पहिलं चाक डाव्याच्या तिसऱ्या जागी, दुसरं चौथ्या जागी, तसंच डाव्याचं उजव्याला. बसवताना झिजलेली कड बाहेरच्या बाजूला आली पाहिजे. एवढ्या अर्ध्या तासाच्या कामानं चाकाचं आयुष्य चांगलंच वाढतं. आणि नवी चाकं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. अमरावतीला जा, तिथं नसली तर नागपूर-पुण्याहून मागवा, तोवर मुलाची पाळी गेलेली असते.

टाचेमागचा रबरी ब्रेक मुलं "आडवा येतो" म्हणून काढून टाकतात. काढू देऊ नका. झिजत झिजत तो स्क्रूपर्यंत यायच्या आत बदला. आतला मऊ भाग सावलीत वाळवा. ओला असेल तर पेपरचे बोळे भरून ठेवा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत स्केट ठेवू नका. त्या तापात डिंक सुटतो, बूट वाकडा होतो.

जागेबद्दल थोडं स्पष्ट बोलते. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. त्याचं गुळगुळीत सिमेंट पाहून एखाद्याला मोह होईल. तिथं दुचाकीलाही परवानगी नाही, मग पायी मुलांचं काय! अमरावती-यवतमाळ रस्ताही नाही. शाळेचं सिमेंटचं अंगण झाडून घ्या, एक बारीक खडाही पुढचं चाक अडवायला पुरतो. हेल्मेट, मनगट, कोपर आणि गुडघ्याचे गार्ड घातल्याशिवाय कोणालाही चाकावर उभं करू नका. सगळ्यात आधी पडायला शिकवा: गुडघे वाकवून, पुढे, गार्डवर.

हे सगळं नांदगावला जमेल का? मला शंका नाही. एकलव्य क्रीडा अकादमीमुळे आज आपल्या गावाचं नाव तिरंदाजीत घेतलं जातं. त्या मुलांना जवळून पाहा. प्रत्यंचेला मेण लावणं, बाण तपासणं, धनुष्य जागेवर ठेवणं, हे त्यांना सांगावं लागत नाही. साधन सांभाळणं हा खेळाचाच भाग आहे, हे या गावानं आधीच शिकून घेतलं आहे.

म्हणून तुकडीपुढे तीन गोष्टी ठेवते. एक, शाळेनं एका शिक्षकांचं आणि चार विद्यार्थ्यांचं नाव ठरवावं, आणि एक साधी वही ठेवावी: जोडीचा नंबर, तारीख, काय केलं. दोन, आपण दर वर्षी थोडी थोडी वर्गणी चाकं, ब्रेक आणि बेरिंगसाठी बाजूला ठेवू. नवी वस्तू द्यायला सगळे पुढे येतात, सुटे भाग द्यायला कोणी येत नाही. ते आपण देऊ. तीन, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, वर्षभर राबलेल्या जनावराची ती आठवण असते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी नंदीलाही चाकं असतात. त्याच आठवड्यात वीसही जोड खोलून धुवायचे, असं ठरवू. गावात असतील त्यांनी यायचं. मी पुण्याहून येईन, जुने पेपर आणि शिलाई मशीनचं तेल घेऊन.

आपल्या वेळी या मैदानावर आपण अनवाणी पळलो, त्याचं दुःख नाही. पण आज आठवीतल्या एखाद्या पोरीला चाकावर उभं राहायचं असेल आणि कपाटाला कुलूप असेल, तर ते दुःख आपलं असेल. पुढच्या मेळाव्यात हे स्केट्स नव्यासारखे चकचकीत दिसू नयेत. झिजलेले दिसावेत, पण चाकं फिरती असावीत.

मुख्याध्यापक सर, एलन-कीचा संच आणि सुटे बोल्ट मी वेगळ्या डबीत आणले आहेत. भाषण झाल्यावर तुमच्या हाती देते.