अंदाजपत्रक आणि कातळ



घर बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: खर्च किती? ओव्हरसिअर नकाशावरून मोजमाप काढी, दरसूचीच्या दराने गुणी आणि बेरीज मांडी. आता इमारत आधी संगणकातच उभी राहते. लांबी, रुंदी, उंचीच्या जोडीला चौथे माप काळाचे, पाचवे पैशाचे. २०१९ साली सुरू झालेल्या नागपूर मेट्रोच्या बांधकामात हीच पद्धत योजिली होती. खिडकी हातभर रुंद केली की विटा, गिलावा, रंग यांचे आकडे बदलतात आणि खर्चाच्या हिशेबात जाऊन बसतात. गुणाकाराची चूक टळते, हा लाभ लहान नव्हे.

मात्र आराखड्यात जे काढलेच नाही, ते यंत्र मोजीत नाही. तुळई काढतात, तिच्याखालचे सेंटरिंग सहसा कोणी काढीत नाही. आणि पाया? आमच्या नाशकात खणले की कोठे मुरूम, कोठे काळा कातळ. घनमाप तेच, दर निराळा! ती ओळ मुरुमाच्या दराने भरली, तर बेरीज बिनचूक आणि घरमालक कर्जात. तेव्हा अंदाजपत्रक हाती येताच शेवटची रक्कम पाहू नका. खोदाईची ओळ काढा, आणि त्याआधी प्लॉटवर एक खड्डा घेऊन कातळ किती खोलीवर लागतो ते पाहा.