खुराड्यात मर लागली तर फोन कोणी करायचा?

आम्ही नवी मुंबईतल्या एका गावठाणातल्या बाया. आमच्या गावाभोवती टॉवर उभे राहिले, शेतं गेली, पण मागच्या दारी खुराडं अजून आहे. गटातल्या चौदाजणींकडे मिळून दीडशेच्या आसपास गावठी कोंबड्या असतील. अंड्यांचे पैसे थोडेच, पण ते खर्चायला आम्हाला कोणाला विचारावं लागत नाही.

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. मार्गशीर्षातले गुरुवार संपले होते, कोंबडीला भाव आला होता, पोपट्या लागायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात बातमी आली, उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू सापडला. जंगल सत्याग्रहाचं ते चिरनेर. आमच्यातल्या दोघींची माहेरं उरणकडची, त्यामुळे ही बातमी आम्हाला पेपराआधी फोनवर कळली. लागण झालेल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या सरकारी पथकानं मारल्या आणि १० किलोमीटरचा टापू देखरेखीखाली घेतला.

त्याच आठवड्यात आमच्या एका मैत्रिणीच्या ९ कोंबड्या दोन दिवसांत गेल्या. तिनं कोणाला न सांगता त्या पुरल्या. दहावी मेली तेव्हा ती रडत गटात आली. कोणी म्हणालं, मानमोडी असेल, दरवर्षी येते. कोणी म्हणालं, उरलेल्या आज बाजारात नेऊन विक. आणि एकजण सरळ म्हणाली, "तू डॉक्टरला फोन केलास तर आमच्याही जातील."

ही भीती खोटी नव्हती, मैत्रिणींनो. बर्ड फ्लू निघाला तर १ किलोमीटरच्या आतली धडधाकट कोंबडीसुद्धा जाते. चांगली तुकतुकीत, अंड्यावर बसलेली कोंबडी पोत्यात घालून नेतात. आम्ही त्या संध्याकाळी बराच वेळ भांडलो, ते इथे लपवत नाही.

शेवटी मन वळलं ते हिशेबानं. सरकार मारतं त्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आपण होऊन मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे गप्प बसून रोज चार मरू दिल्या तर कोंबडीही गेली आणि पैसाही. शिवाय २००९ च्या प्राण्यांच्या रोगांच्या कायद्यानं असा संशय आल्यावर ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवणं मालकावर बंधनकारकच आहे. आम्ही १९६२ वर फोन लावला.

डॉक्टर आले. आमच्या मैत्रिणीनं दहावी कोंबडी हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून, दोन पिशव्यांत बांधून ठेवली होती, हे तिनं बरं केलं. आम्ही विचारलं, नुसतं बघून सांगा ना. ते म्हणाले, "बघून कळत असतं तर प्रयोगशाळा कशाला हव्या होत्या?" तुरा आणि गलोल निळे पडणं, डोकं सुजणं, पायांवर लाल डाग आणि एकदम मोठी मर, हे बर्ड फ्लूकडे बोट दाखवतं. मान वाकडी होणं, हिरवट हगवण, पाय-पंख लुळे पडणं हे मानमोडीत जास्त दिसतं. पण दोन्ही रोग एकमेकांची सोंगं घेतात. त्यांनी घशातले आणि शेपटीखालचे नमुने कापसाच्या काडीवर घेतले. असे नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात आणि बर्ड फ्लूचा शेवटचा निवाडा भोपाळची प्रयोगशाळा देते.

अहवाल येईपर्यंत कोणीही कोंबडी विकायची नाही, खुराड्याबाहेर सोडायची नाही, असं ठरलं. अहवाल आला, मानमोडीच निघाली. आम्ही सुटलो. चिरनेरच्या बाया सुटल्या नाहीत, हे मनात राहिलंच.

एवढी धावपळ कशाला, असं एकीनं विचारलं होतं. महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात ८००-९०० कोंबड्या गेल्या, तो शेड एका बचत गटाचा होता. आता तर हा एच५एन१ विषाणू पक्ष्यांपुरता राहिलेला नाही. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात २०२४ च्या अखेरीला ३ वाघ आणि १ बिबट्या त्यानं दगावले. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये टेक्सास, कॅन्ससच्या दुभत्या गाईंत तो सापडला आणि गोठ्यातली मांजरं कच्चं दूध पिऊन मेली. म्हणून मेलेली कोंबडी कुत्र्या-मांजरापुढे टाकू नका, खाडीत तर नाहीच नाही. माणसाला लागण क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतू शकते. ७० अंशांच्या वर नीट शिजलेल्या मटणात, अंड्यात हा विषाणू टिकत नाही. पोपटीतली अंडी मात्र आतून घट्ट झाली का, ते फोडून बघा. आणि आजारी कोंबडी कापून संपवायची आपली जुनी सवय सोडा. धोका शिजवण्यात नाही, कापण्यात आणि पिसं काढण्यात आहे.

बर्ड फ्लूची लस आपल्याकडे कोंबड्यांना देत नाहीत. मानमोडीची मात्र आहे, आणि ती आम्ही इतकी वर्षं का टोचली नाही, तर बाटली शंभर मात्रांची येते. पाच कोंबड्यांसाठी शंभरची बाटली कोण फोडणार? एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते. घरागणिक हे जमत नव्हतं, गटाला जमलं. पिल्लांना सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्यात आर-टू-बी पंखाखाली टोचून. आठवडाभर आधी जंताचं औषध. आजारी कोंबडीला लस नाही.

बर्फाचा डबा ज्या घरात फ्रीज आहे तिथे ठेवतो. पैसे कोंबड्यांच्या संख्येवर वाटून घेतो. "आमच्याही जातील" म्हणणारी आमची मैत्रीणच आता घरोघर फिरून पिल्लांच्या तारखा वहीत मांडते, आणि कोणी विसरली तर दारात उभी राहून बोलते.